पंचवीसचा कट्टा

पहिल्याच भेटीत आक्कानं मला छाटात काढलं. छाट म्हणजे तपासणीत नापास झालेली विडी; वाकडी, पोकळ, तोंड नीट न मिटलेली. निपाणीच्या ज्या गल्लीत आक्कानं पस्तीस वर्षं विड्या वळल्या, तिथं हा शब्द माणसांनाही लावतात.

त्याचं असं झालं. मिलिंद, शिवा आणि मी, आम्ही तिघं बेळगावात सकाळी पळणारे मित्र. पळणारे म्हणजे काय, चाळिशी उलटल्यावर डॉक्टरनं डोळे वटारले की माणूस जे करायला लागतो ते. मिलिंद पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, शिवा खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, आता कोर्टात कारकून, आणि मी उद्यमबागेत एका फौंड्रीत. आक्का ही मिलिंदची आई. नाव सोनाबाई, पण पोटच्या पोरासकट अख्खी गल्ली तिला आक्काच म्हणायची. तिनं आमच्यापुढं पोह्यांच्या ताटल्या ठेवल्या आणि मला विचारलं, "तू काय करतोस रं, बाळ?"

मी जरा ऐटीतच सांगितलं, "माल तपासतो. फौंड्रीतनं सुटे भाग येतात, ते मापून बघायचे. खराब निघाला की काढून टाकायचा."

आक्काचा हात ताटलीवर तसाच राहिला. "म्हंजे चेकर?"

"हो, चेकरच."

"आग्गं बया! मिल्या, ह्यो चेकर हाय आनी तू ह्याला घरात घिऊन आलास व्हय रं?"

मिलिंद हसून हसून लोळायचा तेवढा बाकी राहिला. मग त्यानं सांगितलं. रोज वळलेला माल कारखान्यात नेला की टेबलामागं चेकर बसलेला असायचा. तो विड्यांचे दोऱ्यानं बांधलेले कट्टे सोडणार, मनाला येईल तेवढ्या विड्या छाट म्हणून काढणार, आणि काढलेल्या विड्या परतही द्यायचा नाही. वर हजाराला मूठभर जादा घ्यायचा तो वेगळाच. आक्का म्हणायची, "जल्मात कारखान्याला एक बी जादा विडी मी मनानं दिली न्हाय. त्यांनी घेतल्या." तेव्हापासून शेवटपर्यंत मी तिचा चेकर. परशुराम हे माझं बरं-वाईट नाव तिच्या तोंडात एकदाही आलं नाही. मी तिला तुम्ही म्हणायला गेलो तर वस्सकन अंगावर आली, "तुमी काय म्हंतोस? मी काय कारखान्याची मालकीन हाय? तू म्हन."

आम्ही तिच्याकडं गेलो होतो ते गंगव्वाच्या कामासाठी. गंगव्वा म्हणजे समोरच्या घरातली म्हातारी, चिकोडीकडनं लग्न होऊन निपाणीत आलेली. तिचं अर्धं बोलणं कन्नड, आक्काचं सगळं मराठी, आणि दोघी पस्तीस वर्षं समोरासमोर बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आलेल्या. त्यांचं एकमेकींशी कधी अडलं नाही. तंबाखूची धूळ मात्र दोघींच्या छातीत बसली. आक्का खोकायची आणि "काय न्हाय, ठसका हाय" म्हणायची. गंगव्वाचं त्याच्या पलीकडं गेलं होतं. दारातनं नळापर्यंत जायचं तर मध्ये दोनदा टेकायला लागायचं.

मिलिंदनं स्वतःच्या पगारातनं एक मशीन आणून गल्लीतल्या विहारात ठेवलं होतं. हवेतला प्राणवायू गोळा करून नळीनं नाकात सोडणारं ते मशीन. पण गल्लीत अशा छातीच्या बायका बऱ्याच, त्यामुळं बारी लावलेली. आणि गंगव्वा आपली बारी आली की दुसरीला देऊन टाकायची. "तिला जास्त दम लागतोय, तिला नेऊ द्या," म्हणायची. आक्काचा नुसता तळतळाट व्हायचा. तिचं एकच मागणं होतं, गंगीच्या उशाशी तिचं तिचं मशीन असावं, बारी न लावता.

तेवढ्यात निपाणीतल्याच एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं मिलिंदला शब्द दिला. त्याला आमच्या पळण्याचं कळलं होतं, आणि माणूस जरा मिश्किल. म्हणाला, "तुम्ही तिघं लोंढ्यापासनं निपाणीपर्यंत पळत या. चार दिवस घ्या. ज्या ज्या घरात असली छाती हाय त्या घराला मशीन माझ्याकडनं. पर तिघं बी आलं पाहिजेत. एकानं जरी गाडीत पाय घातला, तर जेवून जावा, चहा पिऊन जावा, मशीन न्हाय." त्याला बहुतेक वाटलं, हे ढेरपोटे खानापुरातच आडवे होतील.

शिवाला त्या अटीचा राग आला. तंबाखूवाल्यानंच प्राणवायू द्यायचा आणि वर अट घालायची! आक्का म्हणाली, "धूळ बी त्यांचीच, हवा बी त्यांचीच. देतोय तर घ्यायची. आता मला सांगा, पळताना खाणार काय?"

मी पिशवीतनं माझा खजिना काढला. पळताना तोंडात पिळायच्या जेलीच्या पुड्या, ऑनलाइन मागवलेल्या, परदेशी. आक्कानं एक फोडून बोटावर घेतली, जिभेला लावली आणि बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, "ह्ये आजारी मानसाला भरवत्यात काय? मग तुमाला कशाला? तुमी तर दांडगी हायसा." पुड्या तिनं माझ्या पिशवीत परत घातल्या. नंतर त्या तशाच पडून राहिल्या.

आक्कानं खाण्याचा कारभार हातात घेतला तो असा. आधी तिनं सगळं अंतर विचारून घेतलं. मग डोळे मिटून, बोटांवर काहीतरी मोजून म्हणाली, "चाळीस कट्टं."

पंचवीस विड्यांचा एक कट्टा. चाळीस कट्ट्यांचे हजार. हजार म्हणजे विडीवालीचा एक दिवस. लोंढा ते निपाणी या वाटेचे तिनं चाळीस तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला एक पुरचुंडी बांधली. पंचवीस भाजलेले शेंगदाणे, बोराएवढा गुळाचा खडा, चिमूटभर मीठ. जुन्या लुगड्याचं फडकं आणि वर विडीचा दोरा. माणशी चाळीस. बांधायला गंगव्वाही बसली होती, धापा टाकत, दोरा कापून देत. एवढं सगळं करून आक्का काय म्हणाली असेल? "चार दिस काय सांगता रं? आमचं एका दिसाचं काम हाय ह्ये."

वरून नियम दोन. एक, फडकं परत द्यायचं. दुसरा, पुढचा कट्टा बघायचा नाही. "हजार कुनी वळत न्हाय, चेकर. हजाराकडं बघितलं की हात गळत्यात. कट्टा वळायचा. झाला की दोरा बांदायचा. मग फुडला."

मी तिची खोडी काढली, "पंचवीसच घातलेत ना? मोजून बघू काय?"

"मोज की. चेकरच हायस तू." ती अजिबात चिडली नाही. मीच कधी मोजलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही लोंढा स्टेशनाबाहेरनं पळायला लागलो. मागं आक्काच्या गल्लीतल्या रफीकमामाचा भाजीचा टेम्पो. टेम्पोत पुरचुंड्यांची टोपली, सोड्याच्या बाटल्यांत भरलेली नाचणीची आंबील, स्टोव्ह, तांदूळ, आणि पुढच्या सीटवर आक्का. मिलिंदनं तिला घरी थांबायला लाख सांगितलं. "तुज्या बापानं सांगितलं तवा थांबलो न्हाय," म्हणाली आणि चढून बसली. मी अधूनमधून मागं वळून बघायचो. काचेतनं तिचे हात दिसायचे. मांडीवर सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही, तरी अंगठा आणि बोटं आपली हवेत विड्या वळतायत. पस्तीस वर्षांची सवय, ती काय थांबणार.

पहिल्याच दिवशी आमचा घात केला तो चहानं. लोंढा ते खानापूर हा सगळा शिवाच्या गोताचा मुलूख. त्यानं आधी सगळ्यांना फोन करून ठेवलेले. त्यामुळं दर दोन मैलांवर एक आत्या, एक साडू, एक चुलतभाऊ किटली घेऊन रस्त्याच्या कडेला उभा. आणि आमच्याकडं चहा नको म्हणणं म्हणजे तुमच्या दारात येणार नाही म्हणण्यासारखं आहे. मेलात तरी चालेल, चहा घेऊन मरा. सहाव्या कपाला माझ्या पोटात डबकं हिंदकळायला लागलं. शिवाचा चेहरा हिरवा पडला, पण पुढं त्याची सख्खी मावशी उभी होती, तिला कोण नाही म्हणणार?

आक्का टेम्पोतनं उतरली. शिवाच्या मावशीच्या हातातनं तिन्ही कप घेतले. "जयभीम, ताई. पोरं पळत्यात, त्यास्नी पोटात पानी नगो. त्यांच्या वाटणीचा मी घेतो," म्हणाली आणि तिथंच दगडावर बसून तिन्ही कप एकामागं एक प्याली. वर, "लई झाक झालाय, आलं घातलासा न्हवं?" मावशी खूश, शिवा मोकळा. तिथनं पुढं खानापूरपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी खानापुरातनं बेळगावपर्यंत आमच्या वाटणीचा प्रत्येक चहा आक्कानं प्याला. घरातल्या माणसांची नावं विचारून, सुनेला तोंडभरून चांगलं म्हणून प्याली. बेळगावात मुक्कामाला पोचलो तेव्हा ती छातीवर हात ठेवून बसली होती. मी म्हटलं, "आक्का, पित्त झालं असणार. एवढा चहा कोण पितं गं?"

"व्हय व्हय, पित्तच," ती म्हणाली. मिलिंदनं आईकडं बघितलं आणि मान खाली घातली. त्याला माहीत होतं ते पित्त नव्हे. मला कळायला अजून दोन दिवस जायचे होते.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट माझ्या तोंडानं सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच पाहिजे, कारण चौथ्या दिवसाचं सगळं त्यातनंच झालं. वंटमुरीचा घाट उतरून, पाय ओढत आम्ही संकेश्वरच्या अलीकडं आलो. उसाचा हंगाम. रस्त्याकडेला गुऱ्हाळ चाललेलं, काहिलीतनं वाफा, आणि तो वास! गुऱ्हाळवाल्या अण्णांनी आम्हाला अक्षरशः हाताला धरून आत नेलं. मिलिंदला वाटीभर गरम काकवी, शिवाला ताजा गूळ. आक्का लांबनं ओरडली, "जिभेला लावा, पोटाला नगो!" त्या दोघांनी ऐकलं. मी? मी तीन वाट्या काकवी प्यालो, वर दोन ग्लास रस, आणि काहिलीच्या कडेला धरलेला खरपूस गूळ उलथन्यानं खरवडून खाल्ला. खाण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासनं बेशरम. माझी आई म्हणायची, ह्याच्या पोटात डोळे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटातल्या डोळ्यांनी सूड घेतला. संकेश्वर सोडल्यापासनं मी रस्त्याकडेच्या उसात चार वेळा जाऊन आलो. तवंदी घाटाच्या पायथ्याशी आलो तोवर अंगात पाणी उरलं नव्हतं. पाय लटपटत होते. मिलिंद आणि शिवाला मी पुढं जायला सांगितलं. ते जात नव्हते, तर शिव्या घालून पाठवलं. समोर घाट चढत गेलेला, ट्रका कण्हत वर जातायत, आणि मी मैलाच्या दगडाला टेकून बसलोय. निपाणी घाटापलीकडं. एवढाच घाट.

रफीकमामानं टेम्पो आणून शेजारी लावला. आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाला, "बस रे परशा. घाट संपला की उतर. कौन देखता है?"

खरं सांगतो, मी उठलो. टेम्पोच्या मागच्या पायरीवर उजवा पाय ठेवला. तीन दिवसांचं ते सगळं पळणं, ते मशीन, गंगव्वा, काही म्हणजे काही डोक्यात नव्हतं. फक्त बसायचं होतं.

आक्का पुढनं उतरून मागं आली होती. मला वाटलं आता तोंडसुख घेणार. पण ती टेम्पोच्या फळीला टेकून उभी राहिली, श्वास जमवला आणि शांतपणे बोलायला लागली.

"मिल्या चार वर्साचा हुता. त्याला टायफाईड झालता. मी त्याला मांडीवर घिऊन बसलेलो, विड्या वळून हुईनात. कारखान्यानं दिलेल्या पान-तंबाखूच्या विड्या तर भरून द्यायला पायजेत. मग मी काय केलं, चार कट्ट्यांत चोवीस चोवीस घातल्या आन दोरा बांदला. वरनं बघून काय कळतंय? माझा नि गंगीचा माल एकाच टोपलीतनं जायचा. चेकरनं नेमका त्यातलाच कट्टा सोडला. मोजला. 'कुनाचा ह्यो?' मी तोंड उघडायच्या आदी गंगी म्हनाली, 'माझा.' पंदरा दिस तिचं काम बंद केलं त्यांनी. तिच्या घरात बी दोन पोरं हुती, चेकर. मी इचारलं, का केलंस गं? तर म्हनाली, तुझं पोर आजारी हाय, माझी बरी हायत."

मी पाय तसाच ठेवून ऐकत होतो.

"बसायचं तर बस. मी न्हाय अडवत. तुझं पोट बिघडलंय, मला दिसतंय. कुनाला कळनार बी न्हाय. मशीन येईल, गंगी नाकात नळी घालंल. फकस्त मला म्हाईत आसंल, कट्टा चोविसाचा हाय म्हनून. आन तिच्या पदरात एकदा चोविसाचा टाकला, त्येवढा पुरलाय मला."

मी पाय खाली घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते पोटदुखीनं असं मी रफीकमामाला सांगितलं.

आक्कानं मला मिठाची आंबील घोट घोट पाजली. मग पदर खोचला आणि म्हणाली, "चल. मी बी येतो."

"आक्का, खुळी हैस काय!" रफीकमामा ओरडला. "दम कुठाय तुला?"

"ह्यो घाट साऱ्या जल्मात एस्टीच्या खिडकीतनं बघितला मी. एकदा पायानं बघू दे की. चेकर, पंचवीस पावलं मोज. मग थांबायचं."

आम्ही निघालो. एक, दोन, तीन. पंचवीस पावलं आणि थांबा. पुन्हा पंचवीस. पहिल्या दहा-बारा थांब्यांपर्यंत मला वाटत होतं, बाई मला सांभाळून नेतेय. मग माझ्या ध्यानात आलं की पंचविसाव्या पावलाला थांबायची गरज माझ्यापेक्षा तिला जास्त आहे. तिच्या छातीतनं भात्यासारखा आवाज येत होता. ओठ काळे पडले होते. कपाळावर घाम. तेव्हा मला लख्ख कळलं, बेळगावातलं ते पित्त कसलं होतं ते. ज्या घरांत मशीन लागणार होतं त्यातलं एक घर तिचंही होतं, आणि तिनं ते मिलिंदलाही कुणाला सांगू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "आक्का, तू गाडीत बस. तुला कुठं अट आहे?"

"बोलू नगो. मोज."

मग मी तिच्या कोपराला धरलं. मला स्वतःचं पोट आठवेनासं झालं. पाय लटपटायचे थांबले का तेही माहीत नाही, कारण माझं सगळं लक्ष तिच्या पुढच्या पावलाकडं होतं. त्या दिवशी कुणी कुणाला घाट चढवला हे मला आजही सांगता येणार नाही. ट्रकवाले हॉर्न देत जायचे. एका ड्रायव्हरनं खिडकीतनं हात काढून नमस्कार केला. त्याला बहुतेक वाटलं, मायलेक देवाला चाललेत.

वर पोचल्यावर आक्का कठड्यावर बसली. खाली निपाणी दिसत होतं. मग माझ्या हातावर पुरचुंडी ठेवली. "एकुनचाळिसावा. ह्यो खा. आनी आता उताराला पळ, मी गाडीतनं येतो. माझा झाला."

गल्लीच्या तोंडाशी व्यापारी हार घेऊन उभा होता. मिलिंद आणि शिवा माझी वाट बघत थांबले होते, तिघं एकदमच आत शिरलो. ढोलकी, गुलाल, सगळा गोंधळ. व्यापाऱ्यानं हार घालायला हात वर केले आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मालक, मी टेम्पोच्या पायरीवर एक पाय ठेवलेला."

शिवानं कपाळावर हात मारला. व्यापाऱ्यानं माझ्याकडं, मग टेम्पोतनं उतरणाऱ्या आक्काकडं बघितलं. "भार टाकलेलास काय?"

"नाही. दुसरा पाय खाली होता."

"मग ते काय बसणं झालं?" त्यानं हार माझ्या गळ्यात टाकला. "तुझ्यासारखा चेकर माझ्याकडं असता तर!"

आक्का पदर तोंडाला लावून हसत होती. त्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली, "तू छाट न्हाईस रं." मला नोकरीत बढती मिळाली तेव्हाही एवढं बरं वाटलं नव्हतं.

आठवड्यात मशीनं आली. एक गंगव्वाच्या उशाशी, एक आक्काच्या घरी. आक्काचं मशीन तिच्या घरी किती टिकलं असेल? मिलिंद सांगत होता, तिसऱ्याच दिवशी तिनं ते व्यापाऱ्याच्या यादीतनं राहून गेलेल्या शेजारच्या घरातल्या म्हातारीला दिलं. "माझं काय, ठसका हाय." मिलिंद भांडला, रडला, बेळगावला चल म्हणाला. ती हलली नाही.

मी तिला शेवटचं बघितलं ते मार्चमध्ये. कंपनीच्या कामानं चिकोडीला गेलतो, परतताना वाट वाकडी करून निपाणीला गेलो. भर दुपार, गल्लीतला करंट गेलेला. आक्काच्या दाराला कडी. समोरनं आवाज आला म्हणून गंगव्वाच्या घरात डोकावलो.

मशीन बंद पडलं होतं. गंगव्वा भिंतीला टेकून बसलेली, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. आणि समोर, पस्तीस वर्षं बसायची तशीच मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लावून आक्का. तिनं गंगव्वाचे दोन्ही हात हातात घेतले होते आणि मोजत होती. "एकवीस. सोड. बावीस. सोड, घाई न्हाय. तेवीस. चोवीस. पंचवीस. झाला, गंगी, कट्टा झाला. बांदला दोरा. आता फुडला. एक..."

"साकु, सोना," गंगव्वा म्हणाली. पुरे गं, पुरे.

"साकु कसं? करंट येईपत्तूर वळायचं. एक. घे. सोड."

मी मागं फिरून वायरमनला फोन लावला, दोन जणांवर खेकसलो, पण खरं म्हणजे तिथं माझी काही गरज नव्हती. मी उंबऱ्यात बसून राहिलो. किती कट्टे झाले मी मोजले नाहीत. कधीतरी मशीन घरघरलं, गंगव्वाच्या नाकात नळी गेली, तिचे खांदे खाली आले. मग आक्का भिंतीला टेकली आणि तिचा स्वतःचा श्वास पळायला लागला. तोवर तिनं तो कुठं धरून ठेवला होता, देव जाणे.

"चेकर! कवा आलास?"

चहा प्यालो. खरोखरचा, माझ्या वाटणीचा. निघताना ती घरात गेली आणि पुरचुंडी घेऊन आली. तेच लुगड्याचं फडकं, तोच दोरा. "चाळिसावा ऱ्हायलाय तुझा. त्या दिशी गुलालाच्या नादात तसाच ऱ्हायला. वाटंत खा. आनी फडकं आन परत." मी गाडी वळवली तेव्हा ती दारात उभी होती, एक हात चौकटीवर. दुसऱ्या हाताची बोटं आपली हवेत वळतच होती.

वाटेत मी खाल्लं नाही. चिकोडीत जेवण दाबून झालं होतं. पुरचुंडी पळायच्या बुटांच्या पिशवीत गेली आणि विसरली.

एप्रिलच्या सुरुवातीला मिलिंदचा फोन आला. आक्का सकाळी चूल पेटवायला बसली ती तिथंच कलंडली होती. आम्ही गेलो. विहारासमोर सगळी गल्ली उभी. गंगव्वाला खुर्चीवर बसवून आणलं होतं, नळीसकट, मशीनची लांबलचक वायर घरातनं ओढून. ती रडत नव्हती. तिचे ओठ हलत होते आणि अंगठा बोटांच्या पेरांवरनं सरकत होता. पंचवीस झाले की क्षणभर थांबायची आणि परत पहिल्या पेरावर यायची.

पुरचुंडी सापडली ती मे महिन्यात. फौंड्रीत जेवणाच्या सुट्टीत बुटांची पिशवी झाडत होतो. दोरा सोडताना जीव धजेना, पण सोडला. माझ्या तपासणीच्या टेबलावर, मापं ठेवायच्या जागी, फडकं पसरलं. गूळ पाघळून कापडाला चिकटला होता. शेंगदाणे मऊ पडले होते. का कोण जाणे, चेकरची खोड म्हणा, मी मोजायला लागलो.

सव्वीस.

पुन्हा मोजले. एकोणीस वर्षं मी माल तपासतोय. कमी भरलेला, झिजलेला, वाकडा, सगळा माल माझ्या हातनं गेलाय. जादा भरलेला कधी आला नव्हता. सव्वीसच होते. म्हणजे चाळीसच्या चाळीस पुरचुंड्यांत असाच एक असणार, आणि मी पळता पळता बकाबका खाल्ले. मोज की, म्हणाली होती ती.

पलीकडच्या टेबलावरनं कुणीतरी विचारलं, "काय परश्या, छाट निघाला काय?" मला रडू कोसळलं होतं. मी पंचवीस खाल्ले. सव्विसावा खायला बराच वेळ लागला.